मांडीवरचे मूल कोणाचे?



आगमनकाळ सुरू झाला की 'जागे राहा' हे शब्द आपल्या कानावर पुन्हा पुन्हा पडतात. मत्तयच्या शुभवर्तमानात (२४:३७-४४) प्रभू येशू आपल्याला नोहाच्या काळाची आठवण करून देतो. लोक खातपीत होते, लग्ने लावीत होते आणि एके दिवशी पूर आला. त्या लोकांची पापे प्रभू इथे मोजत बसत नाही. रोजच्या व्यवहारात ते गुंतले होते आणि त्यांना कळलेच नाही, एवढेच तो सांगतो.

या उताऱ्याचा अर्थ मला नव्याने उमगला तो एका गाडल्या गेलेल्या शहरात. ज्युबिली वर्षात, २०२५ साली, मी रोमच्या यात्रेला गेलो होतो. तिथून एक दिवस आम्ही पॉम्पेईला गेलो. इ.स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि हे भरभराटीचे रोमन शहर राखेखाली गडप झाले. ते आपल्याला अगदीच परके नाही बरे का! त्या काळी आपल्या चौल बंदरातून रोमन साम्राज्याशी व्यापार चालत असे. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. आपल्या देशातला माल तिथल्या घरांत पोहोचला होता.

दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. पाव भाजण्याच्या भट्ट्या आहेत, दळणाची मोठी जाती आहेत. ते शहर गाफील होते का? सतरा वर्षांपूर्वी, इ.स. ६२ मध्ये, तिथे मोठा भूकंप झाला होता. पडलेल्या इमारतींची दुरुस्ती शेवटच्या दिवसापर्यंत चालू होती. जमीन अधूनमधून हादरायची, पण सवयीने त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले होते. स्फोट झाला त्या दिवशीसुद्धा दुपारपासून आधी हलके दगड आणि राख पडत राहिली. जीवघेणी लाट शहरावर आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात बरेच लोक निघून गेले. काही मागे राहिले.

मागे राहिलेल्यांची शरीरे राखेत कुजून गेली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तेवढ्या उरल्या. १८६३ साली ज्युसेप्पे फिओरेल्ली या संशोधकाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून साचे काढायला सुरुवात केली. कोणी तोंडावर हात धरलेला, कोणी गुडघ्यात मान घातलेली. त्या साच्यांसमोर उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते.

त्यांतल्या एका जोडीची हकीगत तुम्हाला सांगायची आहे. एका घराच्या जिन्यापाशी एक मोठी व्यक्ती सापडली. दंडात सोन्याचे जड कडे, मांडीवर लहान मूल. सगळ्यांनी म्हटले, ही आई आणि तिचे लेकरू. कित्येक वर्षे पाहुण्यांना तसेच सांगितले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या हाडांतील डीएनएची तपासणी प्रसिद्ध केली. ती व्यक्ती बाई नव्हतीच, पुरुष होता. आणि त्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते.

शेजारी असेल, नोकर असेल, वाटसरूही असेल. पण आकाश कोसळत असताना त्याच्या मांडीवर दुसऱ्या कोणाचे तरी मूल होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मी सेनेका वाचला होता. पॉम्पेईच्या त्या आधीच्या भूकंपावर त्याने लिहिले आहे. त्याचे म्हणणे असे की, पृथ्वीवर कोणतीच जागा सुरक्षित नाही, म्हणून माणसाने मरणाचे भय सोडावे. विचार थोर आहे. पण त्यात माणूस एकटा आहे. प्रभू येशू त्यापुढे जातो. देवाची इच्छा पाळणारा तोच माझा भाऊ, बहीण आणि आई, असे तो सांगतो (मार्क ३:३५). तुझ्या मरणाला तू भितोस का, एवढे विचारून तो थांबत नाही. त्या घडीला तुझ्याजवळ कोण असेल, हेही तो विचारतो.

मी स्वतः या परीक्षेत नापास झालो आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. मी तेव्हा याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या धर्मग्रामात होतो. सकाळपासून माझी धावपळ चालली होती. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, चषक कपाटात ठेवले, पवित्र मरियेची मूर्ती आतल्या खोलीत नेली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मला वाटले, मी अगदी सावध आहे. संध्याकाळी वारा पडल्यावर कळले की, चर्चच्या मागेच एकट्या राहणाऱ्या एका आजीच्या घराचे पत्रे उडाले होते. वादळभर ती खाटेखाली बसून होती. तिच्यासोबत शेजारचा एक मुलगा होता. धावत जाऊन तो तिच्याजवळ बसला होता. तो तिच्या नात्यातला नव्हता. दोघेही आपल्या धर्माचे नव्हते. मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खाली मान घालून तिच्याकडे गेलो, तर तिनेच मला विचारले, "फादर, चर्चातली माऊली बरी हाय ना?"

त्या प्रश्नाने मला जे शिकवले, ते मी कुठल्या ग्रंथात शिकलो नव्हतो.

गाडलेली गावे पाहायला इटलीला जायची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे मातीतच राहिली. तो पाऊस पुन्हा येणार नाही, असे कोण म्हणेल?

पॉम्पेईच्या अवशेषांजवळच जपमाळेच्या राणीचे मोठे मंदिर आहे. ते उभारणारे बार्तोलो लोंगो हे वकील होते, धर्मगुरू नव्हते. तरुणपणी ते श्रद्धेपासून फार दूर भरकटले होते. १८७२ साली ते त्या भागात आले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांत राहिले. त्यांनी १८८७ मध्ये अनाथ मुलींसाठी आणि १८९२ मध्ये कैद्यांच्या मुलांसाठी घर काढले. कैद्याचे पोर बापासारखेच निघणार, असे त्या काळचे शहाणे म्हणत. लोंगोंनी ती मुले जवळ घेतली. पोप लिओ चौदावे यांनी १९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना संतपद दिले. त्याच मातीत, अठराशे वर्षांनी, पुन्हा कोणाच्या तरी मांडीवर परके मूल!

आपल्या धर्मग्रामात आज कितीतरी घरांतली मुले मुंबईला किंवा आखातात आहेत. मागे म्हातारी माणसे दिवा लावून बसलेली असतात. या आगमनकाळात गव्हाणीची तयारी कराच, पण प्रत्येक कुटुंबाने आपल्या नात्यात नसलेले एक घरही निवडावे. ते आपल्या चर्चचे नसले तरी चालेल. तिथल्या माणसाचे नाव, औषधे आणि मुलांचा फोन नंबर लिहून ठेवा. घर सोडण्याची सूचना आली तर त्यांना हात धरून कोण आणणार, हे आजच ठरवा. पहिले नाव मी माझ्या वहीत लिहिले आहे.

प्रभू, तू येशील तेव्हा आमचे हात रिकामे नसोत. ज्याचे कोणी नाही, असे एखादे लेकरू, एखादी आजी आमच्याजवळ बसलेली तुला दिसो. आमेन.

प्रभूमध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू