न दिसणारें कुंपण

मनुष्याचा स्वभाव त्याच्या उद्योगावरून जितका कळतो, त्याहून अधिक तो त्याच्या सुटीवरून कळतो. उद्योग पोटासाठीं करावा लागतो. त्यांत निवड थोडी. सुटींत मात्र आपण स्वेच्छेनें, पदरचे पैसे मोडून, कोणती गोष्ट पाहावयास जातों, यावरून आपणांस खरोखर काय आवडतें याचा पुरावा मिळतो. या दृष्टीनें पाहतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. सुटी लागली कीं लहानथोर सर्वांस जनावरें पाहावीशीं वाटतात. ज्या प्राण्यांच्या भयानें आपले पूर्वज जीव मुठींत धरून पळाले, त्यांच्याच दर्शनासाठीं आपण तिकिटें काढून रांगेंत उभे राहतों. हें प्रेम आहे, कुतूहल आहे, कीं जिंकलेल्या शत्रूकडे पाहण्याचा जेत्याचा आनंद आहे, हा प्रश्न आम्हीं पूर्वीं कधीं मनास विचारला नव्हता. तो विचारण्याचा प्रसंग परदेशांतील एका सुटींत आला.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत ऑर्लँडो शहराजवळ ‘डिस्नेज ॲनिमल किंग्डम’ नांवाचें प्राण्यांचें क्रीडोद्यान आहे. तेथें आम्हीं उभयतांनीं एक संपूर्ण दिवस घालविला. हें उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. त्याचा विस्तार सुमारें ५८० एकर आहे. मध्यभागीं १४५ फूट उंचीचा एक प्रचंड वृक्ष दिसतो. परंतु तो वृक्ष नव्हे. समुद्रांतील तेलविहिरींसाठीं वापरतात तसल्या पोलादी सांगाड्यावर कृत्रिम साल चढवून तो उभारलेला आहे, आणि त्या सालीवर तीनशेंहून अधिक प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पुढें सुमारें ११० एकरांचें आफ्रिकेचें माळरान आहे. बाजूंनीं उघड्या असलेल्या मोटारींत बसून आपण त्यांतून फिरतों. जिराफ वाटेंत आडवा येतो, गेंडा चिखलांत लोळतो, दूर खडकावर सिंह पहुडलेला असतो. कोठें गज नाहीं, कोठें तारेची जाळी नाहीं. पण नीट चौकशी केली म्हणजे कळतें कीं, तेथील वाळवीचें वारूळ बनावट आहे, गोरखचिंचेचें अवाढव्य खोड बनावट आहे, आणि सिंहानें प्रेक्षकांच्या नजरेंत राहावें म्हणून त्याच्या खडकाचें तापमानही सुखकर राखलेलें असतें. दिवस मावळला कीं खुणेच्या आवाजासरशीं तीं सर्व जनावरें आड बांधलेल्या गोठ्यांकडे वळतात. सजीव तेवढें खरें आणि निर्जीव तेवढें खोटें, असें तें एक अजब नाटक आहे.

प्रारंभीच्या वर्षांत या फेरीस हस्तिदंताच्या चोरांचा पाठलाग करण्याचें एक कथानकही जोडलेलें होतें. पुढें तें काढून टाकण्यांत आलें. यांत एक मर्म आहे. जनावर पाहणें एवढ्यानें मनुष्याचें समाधान होत नाहीं. आपण त्या जनावराचे तारणहार आहों, ही भावनाही त्यास त्याच तिकिटांत हवी असते.

परंतु आमच्या विचारांस खरी चालना मिळाली ती पुढील भागांत. तेथें ‘आनंदपूर’ नांवाचें आशिया खंडांतील एक काल्पनिक राज्य वसविलेलें आहे. पडक्या राजवाड्याच्या भिंती, उडालेला रंग, विटलेलीं भित्तिचित्रें, कमानींवर चढलेल्या वेली, हें सारें इतकें हुबेहूब, कीं क्षणभर आपण आपल्याकडील एखाद्या विस्मृत गढींत आलों आहों असें वाटावें. आपल्या देशांत जी पडझड फुकट होते, ती येथें अपार द्रव्य खर्चून साधलेली पाहून आम्हांस प्रथम हसूं आलें. त्या पडक्या वाड्यांत वाघ ठेवलेले आहेत. तेही भारतांतील नव्हेत, सुमात्रा बेटांतील जातीचे. एक वाघीण कोरड्या कारंज्याच्या कडेला पाय पसरून पडली होती. तिनें एकदां मान वळवून आमच्याकडे पाहिलें व पुन्हां डोळे मिटले. आमच्या सौ.नीं हळूच विचारलें, “कुंपण कोठें आहे हो?” आम्हीं शोधूं लागलों, कांहीं ठिकाणीं जाड काच होती, कांहीं ठिकाणीं झुडपांनीं झांकलेला खोल खंदक होता. कुंपण होतेंच, फक्त तें दिसत नव्हतें.

तेथील एक तरुण सेविका मोठ्या आपुलकीनें माहिती सांगत होती. रोजचें अन्न वजन करून मिळतें, वैद्य नेहमीं हजर असतात, खेळावयास वस्तू देतात. शेवटीं ती म्हणाली, “तिला येथें कांहीं कमी नाहीं.” तें खोटें नव्हतें. सुमात्रांतील वनांत या जातीचे वाघ कांहीं शेंकड्यांपेक्षां अधिक उरलेले नाहींत. तेथें त्यांस जंगलतोड आहे, फांस आहे, बंदूक आहे. येथें यांपैकीं कांहीं नाहीं. मग आमच्या मनास टोंचत होतें तें काय?

गज काढून टाकण्याची ही कल्पना नवी नव्हे. जर्मनींतील हाम्बुर्गचा कार्ल हागेनबेक हा जनावरांचा मोठा व्यापारी. १९०७ सालीं त्यानें शहराबाहेर स्टेलिंगेन येथें जें प्राणिसंग्रहालय उघडलें, त्यांत गजांऐवजी खंदक योजिले. कोणतें जनावर किती लांब व किती उंच उडी मारतें हें मोजून ते खणलेले होते. प्रेक्षकास वाटे, सिंह मोकळा आहे. सिंहास मात्र खंदक पुरतेपणीं ठाऊक असे. याच गृहस्थानें त्यापूर्वीं कित्येक वर्षें सामी, न्यूबियन, सिंहली अशा लोकांस त्यांच्या तंबू-जनावरांसह युरोपांतील शहरोशहरीं प्रेक्षकांपुढें मांडलें होतें, हेंही विसरूं नये. ज्या दृष्टीस माणूस आणि गेंडा हीं दोन्ही देखाव्याचीं साधनें वाटलीं, त्याच दृष्टीनें गज दूर केले. तेव्हां गज काढले ते कोणासाठीं? जनावरास थोडी अधिक जागा मिळाली, हें खरें. पण मुख्य सुटका झाली ती पाहणाऱ्याची. पिंजऱ्यापुढें उभें राहिलें असतां मनास जी किंचित् लाज वाटते, तिच्यापासून तो मुक्त झाला.

आपल्याकडे १८८० सालीं विष्णुपंत छत्रे यांनीं पहिली देशी सर्कस काढली, आणि पुढें महाराष्ट्रांतील कसरतपटूंनीं व जनावरें शिकविणाऱ्यांनीं मोठें नांव मिळविलें. पुण्याचे दामू धोत्रे १९४० सालीं अमेरिकेंतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशींत गेले. त्या सर्कशीचा हिवाळी तळ त्या काळीं याच फ्लॉरिडांत, सॅरासोटा येथें होता. वाघांच्या घोळक्यांत उभ्या राहणाऱ्या त्या मराठी माणसाचें धैर्य आजही थक्क करणारें आहे. पण काळ बदलला. भारत सरकारनें १९९८ सालीं वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांचे खेळ करण्यास बंदी केली. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. रिंगलिंगची सर्कस २०१७ सालीं बंद पडली, आणि २०२३ सालीं पुन्हां सुरू झाली ती जनावरांवांचून. सर्कशीचा कैवार आम्हांस घ्यावयाचा नाहीं. परंतु तिच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, तेथें लोखंडी जाळी सर्वांच्या डोळ्यांपुढें उभी असे आणि चाबूक हातांत दिसे. आपण काय पाहत आहों याविषयीं कोणाची फसवणूक होत नसे.

ऑर्लँडो शहरांतच एका जलोद्यानांत तिलिकम नांवाचा एक मोठा ओर्का होता. १९८३ सालीं आइसलंडजवळ तो पकडला गेला तेव्हां सुमारें दोन वर्षांचा होता. २०१० सालीं त्याच्या हातून एका अनुभवी शिक्षिकेचा मृत्यु घडला. २०१६ सालीं त्या संस्थेनें ओर्कांची पैदास थांबविण्याचें जाहीर केलें, आणि पुढील वर्षींच्या जानेवारींत तिलिकम मरण पावला. तेहतीस वर्षें त्यास अन्न होतें, औषध होतें, टाळ्या होत्या, समुद्र नव्हता. ऑक्सफर्ड येथील रॉस क्लब व जॉर्जिया मेसन या विदुषींनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेलें एक संशोधन येथें उद्बोधक आहे. रानांत जीं मांसाहारी जनावरें फार दूरवर हिंडतात, तींच बंदिवासांत अधिक येरझारा घालतात, व त्यांचींच पिलें अधिक दगावतात, असें त्यांस आढळलें. म्हणजे उणीव अन्नाची नसून विस्ताराची असते. आणि विस्तार ही वस्तु वजन करून देतां येत नाहीं.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. अरबस्तानांतील ओरिक्स नांवाचा शुभ्र कुरंग १९७२ सालीं रानांतून समूळ नाहींसा झाला. बंदिवासांत राखलेल्या कळपांमुळेंच तो १९८२ सालीं ओमानच्या वाळवंटांत पुन्हां सोडतां आला. त्या वेळीं कुंपण नसतें तर आज ओरिक्सही नसता. तेव्हां प्रत्येक कुंपण हें पाप आहे, असें म्हणणारा मनुष्य ज्ञानी नव्हे, केवळ हळवा आहे. आमच्या मतें प्रश्न कुंपणाचा नसून त्याच्या हेतूचा आहे. एखाद्या दिवशीं तें उघडावें या आशेनें घातलेलें कुंपण ही शुश्रूषा होय; तें कधींच उघडावयाचें नाहीं आणि शिवाय दिसूंही द्यावयाचें नाहीं अशा बेतानें घातलेलें कुंपण हा व्यापार होय. बहुतेक उद्यानांत हे दोन्ही हेतु एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच प्रेक्षकानें स्वतःस फसवूं नये. दुसऱ्याचें स्वातंत्र्य आपण ज्या दिवशीं घेतों, त्या दिवसापासून आपण त्याचे ऋणी होतों. सुरक्षितता हा त्या ऋणाचा हप्ता असेल. ती फेड नव्हे.

येथपर्यंत विचार येऊन थांबला असता, तर आम्हीं हा निबंध लिहिलाच नसता. संध्याकाळीं परततांना आमच्या सौ. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “ती मुलगी जें म्हणाली ना, कांहीं कमी नाहीं म्हणून, तें कोणी सासूबाईंची विचारपूस केली म्हणजे आपणही शब्दशः तसेंच सांगतों.”

आमच्या मातोश्रींस तीन वर्षांपूर्वीं आम्हीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गांवाहून पुण्यास आणिलें. एकदां त्या विहिरीपाशीं पाय घसरून पडल्या, तेव्हां जवळ कोणी नव्हतें. गांवापासून दवाखाना दूर. पावसाळ्यांत वाट बंद. पुण्यास चौथ्या मजल्यावर त्यांस स्वतंत्र खोली आहे, वेळेवर औषध आहे, दिवसभर सोबतीस बाई आहे. त्या खिडकींत बसून खालचा रस्ता पाहतात. आम्हीं केलें तें चूक होतें, असें आम्हांस त्या संध्याकाळींही वाटलें नाहीं, आणि आजही वाटत नाहीं. वाघिणीची व मातोश्रींची तुलना करणें हें तर सरळ सरळ अनुचित होय. तरीही सौ.च्या बोलण्यास आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

रात्रीं नेहमींप्रमाणें पुण्यास फोन केला. तिकडे सकाळ होती. मातोश्रींनीं विचारलें, “वाघ पाहिलात का? कसा आहे?” आमच्या तोंडून निघून गेलें, “चांगला आहे. त्याला कांहीं कमी नाहीं.” क्षणभर पलीकडून कांहीं आवाज आला नाहीं. मग त्या म्हणाल्या, “बरें झालें.”

त्या रात्रीं झोंप लागेपर्यंत या दोन गोष्टींतील फरक आम्ही शोधीत होतों, आणि तो सांपडला तेव्हां समाधान होण्याऐवजी खेदच अधिक झाला. वाघिणीस विचारतां येत नाहीं. तिला काय हवें आहे हें मनुष्यानें तर्कानें ताडावें लागतें, आणि त्यांत तो चुकला तर त्याच्या अज्ञानास थोडी क्षमा आहे. माणसास विचारतां येतें. गेल्या तीन वर्षांत आम्हीं मातोश्रींच्या प्रकृतीविषयीं, पथ्याविषयीं, झोंपेविषयीं रोज विचारलें होतें; तुम्हांस कोठें राहावयाचें आहे, हें मात्र एकदांही विचारलें नव्हतें. उत्तर काय येईल याचें भय वाटलें म्हणून विचारलें नाहीं, हें खरें. आपण आपल्या माणसांभोंवतीं जें प्रेमाचें कुंपण घालतों, तें काळजीच्या वेलींनीं असें झांकलेलें असतें, कीं तें घालणारासही पुढें दिसेनासें होतें. पिंजऱ्याचे गज निदान दिसत तरी होते.

परत आल्यावर आम्हीं धीर करून त्यांस विचारलें. गांवीं जावयाचें असेल तर सोबतीस माणूस ठेवूं, महिनाभर आम्हीही येऊं, पण तेथें पूर्वींसारखी लवकर औषधपाण्याची सोय होणार नाहीं, हें सर्व उघड सांगितलें. आमची समजूत अशी होती कीं त्या रडतील, किंवा नको म्हणतील. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. हातांतील जपमाळ बाजूस ठेवून थोडा हिशेब केला, आणि म्हणाल्या, “आधीं पाऊस संपूं दे. मग जाऊन अंगण करायला हवें.”