आता सोडून काय उपयोग?

आमच्या इंदापूरकडे जुन्या दमेकऱ्याला बिडी सोड म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते होऊन गेलं.’ माझ्या कागदावर सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, असं लिहिलं गेलं तेव्हा भेटायला आलेल्यांनीही हेच सांगितलं, तेही मायेपोटी. राहिलेल्या दिवसांत माणसाचं मन कशाला मारायचं, म्हणून. हा समज मला रोगाइतकाच घातक वाटतो.

बारामतीला नळीत फुंकायची तपासणी झाली. गेलेली ताकद परत येणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. पण झीज थांबली नाही तरी तिचा वेग कमी करता येतो, हे त्यांचं पुढचं वाक्य मी धरून ठेवलं. लंडनमधल्या कामगारांची फुप्फुसं वर्षानुवर्षं तपासून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं; धूम्रपान सोडलेल्याची पुढची झीज साधारण न ओढणाऱ्याच्या गतीने होऊ लागते. ज्याच्या छातीत थोडंच शिल्लक आहे, त्याला तर ते जपायची गरज अधिक.

खरी अडचण रात्रीच्या पाळीची. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं की उसात दारं धरायला जावं लागतं. थंडी, चिखल, बांधावर टेकलेले तिघे-चौघे. तेंदूपानाची बिडी ओढली नाही की विझते, म्हणून ती सारखी आणि जोरात ओढावी लागते. आकाराने लहान म्हणून धूर कमी जातो असं नाही. आणि पेटवलेली बिडी पुढे करणं ही आमच्याकडची विचारपूस. ती नाकारताना माणसालाच नाकारतोय असं वाटतं.

बिडी सोडल्यावर माझा हात बंडीच्या खिशाकडे जायचा, घरात विनाकारण आवाज चढायचा. त्यात खोकला वाढला. ‘बघ, सोडली आणि बाधली,’ असं लोक म्हणाले. पुष्कळ जण इथूनच मागे फिरतात. धुराने लुळी पडलेली श्वासनलिकेतली सूक्ष्म लव पुन्हा हलू लागते, साचलेला कफ वर ढकलते, म्हणून काही आठवडे असं होऊ शकतं. हे आधीच सांगायला हवं. तलफेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनची गोळी चघळता येते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. बिडीच्या जागी तंबाखू मळणं मात्र नको.

एका रात्री शेजारचे तात्या बिडी पेटवून उठले आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसले. तिथूनच गप्पा चालू ठेवल्या. ‘मला सुटत नाही, पण तुला धूर नको,’ म्हणाले. घरच्यांच्या कटकटीपेक्षा त्याचा मला जास्त आधार झाला.

धूर फक्त बिडीचाच नसतो; म्हणून आता खोडव्यातलं पाचट कुजवा, जाळू नका, असं मी वस्तीवर सांगत असतो. सगळे ऐकत नाहीत. पण तात्या पाचट पेटवायच्या आदल्या दिवशी निरोप धाडतात, आणि मी श्वासाचा पंप घेऊन लेकीकडे बारामतीला जातो.