वाऱ्याचे पीक आणि त्याचा सरवा

भूम, वाशी व कळंब ह्या तालुक्यांतील आमच्या वाचकांस पवनचक्की कशी असते हे सांगावयास नको. बालाघाटाच्या ज्या माळांवर कुसळांवाचून फारसे काही उगवत नसे, तेथे आता उंच मनोरे उभे आहेत. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की त्यांची पाती रात्रंदिवस फिरतात. ज्या वाऱ्याने आजवर आमच्या घरांवरचे पत्रे उडविले आणि डोक्यावरचे ढग पुढे हाकलून दिले, त्याच वाऱ्याचे आज पैसे होत आहेत. तेव्हा ख्रिस्ती माणसाने एक प्रश्न स्वतःस विचारणे प्राप्त आहे : हा वारा कोणाचा?

जमिनीस सातबारा असतो; वाऱ्याचा सातबारा कोणत्याही चावडीत नाही. प्रभूने निकदेमाला वाऱ्याचा दाखला दिला, तोही तो कोणाच्या हुकमात नसतो म्हणूनच. परंतु व्यवहारात काय होते? ज्याच्या शेतात मनोरा उभा राहतो त्यास मोबदला मिळतो, विजेची कमाई दूरच्या भांडवलाकडे जाते, आणि ज्यास जमीनच नाही त्याच्या वाट्यास पात्यांचा आवाज तेवढा येतो. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत अशी भूमिहीन कुटुंबे थोडी नाहीत.

भांडवल घालणाऱ्याने नफा घेणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. आणि कोळशाच्या धुरापेक्षा वाऱ्याची वीज बरी, हेही उघड आहे. पण जेथे मोठा पैसा थोड्यांच्या हातून जातो आणि गावास त्याचा हिशेब ठाऊक नसतो, तेथे लोभ व दहशत वाट काढतातच. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचा ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून तो झाला, असे आरोपपत्रात म्हटले आहे. वारा सर्वांचा आहे हे आपण विसरलो, तर त्याची किंमत कधी कधी रक्ताने द्यावी लागते.

मोशेच्या नियमशास्त्राने शेतकऱ्यास आज्ञा केली होती की, शेताचे कानेकोपरे कापू नयेत व सरवा वेचू नये. तो गरिबांचा व उपऱ्यांचा. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात गेली ती ह्याच नियमाच्या आधाराने. सरवा ही भीक नव्हती, तो हक्क होता. मग वाऱ्याच्या पिकास सरवा का नसावा?

तथापि आम्हांस एवढ्यावर थांबवत नाही. सरवा वेचणाऱ्यास वाकावे लागते. बलुत्यासाठी खळ्यावर हात जोडून उभे राहणे काय असते, हे आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे. म्हणून सरव्यापेक्षा भागी बरी.

कोणी म्हणेल, ‘आमच्या गाठीस शंभर रुपये नाहीत; आम्ही कसले भागीदार?’ त्यास तमिळनाडूतील ओडंतुरै गावाचे उदाहरण पुरे आहे. कोईमतूर जिल्ह्यातील ह्या ग्रामपंचायतीने २००६ साली ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. खर्च सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये. त्यांतील ४० लाख पंचायतीने साठविलेले, बाकीचे बँकेचे कर्ज. गावाची गरज भागून उरलेली वीज मंडळास विकली जाई व त्या उत्पन्नातून कर्ज फिटत असे. चक्की पंचायतीची, म्हणून ज्यास बिघाभर रान नाही तोही तिचा धनी. डेन्मार्क देशात कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील १० साडेआठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या.

पण सामाईक मालकी म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके गावोगावी वीज पुरविली. पुढे राज्याच्या वीज कंपनीचे देणे थकत गेले आणि २०११ साली तिचे वितरणाचे काम संपले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही असे मानून वागणे, हीच सामाईक धनाची वाळवी होय. तिच्यावर उपाय आपल्या मंडळीत आहे : दानपेटी चौघांसमक्ष मोजली जाते व हिशेब सर्वांस वाचून दाखविला जातो.

म्हणून आमची विनंती अशी. आपल्या गावी पवनचक्की येणार असेल तर ग्रामसभेस जा. तेथे भूमिहीनाचे मत जमीनदाराच्या मताइतकेच असते. करार मोठ्याने वाचून घ्या. गावाचा वाटा किती, तो कोणाच्या नावे जमा होणार, हिशेब कोण पाहणार, हे निर्भयपणे पण नम्रपणे विचारा. आणि ज्या बंधूच्या शेतात मनोरा उभा राहिला आहे, त्याने मोबदला घरी नेताना शेजारच्या दाराकडे एकदा पाहावे. मनोरा त्याच्या शेतात आहे हे खरे. पण वारा शेजाऱ्याच्या अंगणातूनच आला आहे.