आपलें अन्न आणि परका माणूस

ज्याचें अन्न आपण आवडीनें खातों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? प्रश्न दिसावयास सोपा आहे. पैसे मोजले, पदार्थ घेतला, व्यवहार संपला, असें कोणीहि म्हणेल. परंतु येथें दुकानदाराच्या पैशांचा विचार नाहीं. एखादा पदार्थ दूरच्या लोकांपासून आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला कीं, त्याचें परकेपण स्मरणांतहि उरलें नाहीं. अशा वेळीं त्या लोकांचें आपणांवर कांहीं ऋण राहतें काय, असा हा प्रश्न आहे. तो मला सुचला एका मोटारगाडीपाशीं.

उत्तर इंग्लंडांतील एका लहानशा गांवीं मुलीच्या घरीं मी कांहीं महिने राहिलों होतों. तेथें दर गुरुवारीं सायंकाळीं चर्चसमोरच्या मोकळ्या जागेंत एक मोठी गाडी येऊन उभी राही. तिच्या एका बाजूची फळी वर उचलली कीं, आंत तेलाच्या खोल कढया दिसत. पिठांत बुडवून तळलेला कॉड मासा, बटाट्याचे जाड लांबट तुकडे, शिजवून घोटलेले वाटाणे आणि वरून मीठ व व्हिनेगर, एवढाच त्या गाडीचा संसार. मी कोंकणचा, मासळी मला परकी नाहीं. कडाक्याच्या थंडींत कागदांत गुंडाळलेला तो ऊन ऊन पुडा हातांत आला म्हणजे परदेशांतील एकटेपण घटकाभर विसरत असे.

एका गुरुवारीं माझ्यापुढें एक वृद्ध गृहस्थ उभे होते. हवापाण्याच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, “हें आमचें खरें अन्न. बाकी सगळें बाहेरच्यांनीं बिघडवलें. आतां इतके परके लोक येथें आले आहेत कीं, आमचें म्हणावयास एवढेंच उरलें.” मी स्वतः परका होतों, पण पाहुणा म्हणून त्यांनीं मला त्यांतून वगळलें असावें. गाडीवाल्याचे वडील सायप्रस बेटांतून पोट भरावयास आलेले, हें त्यानेंच मला पूर्वीं सांगितलें होतें. त्यानें हें सारें ऐकलें आणि शांतपणें विचारलें, “व्हिनेगर नेहमींप्रमाणें जास्तच ना?” मी कांहींच बोललों नाहीं.

घरीं येतांना त्या गृहस्थांचें मला मनांतून हसूं येत होतें. कारण त्यांच्या ‘खऱ्या’ अन्नाचा इतिहास पाहावा, तर बटाटा दक्षिण अमेरिकेंतील पर्वतांवरचा. स्पॅनिश लोकांनीं तो सोळाव्या शतकांत युरोपांत आणला. पिठांत घोळवून मासा तळण्याची रीत स्पेन व पोर्तुगाल येथून धर्मच्छळामुळें परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनीं इंग्लंडांत नेली, असें मानतात. १८६० च्या सुमारास मासा व बटाटा एकत्र विकूं लागले. पहिलें दुकान लंडनचें कीं लँकाशायरचें, याबद्दल अद्याप वाद चालतो. दुसऱ्या महायुद्धांत सरकारनें अनेक खाद्यपदार्थांवर नियंत्रण घातलें. हा पदार्थ मात्र मोकळा ठेवला. म्हणजे निर्वासितांची रीत आणि परखंडांतील कंद यांनीं एका राष्ट्राला संकटकाळीं आधार दिला.

परंतु दुसऱ्याच्या अज्ञानाला हसतांना आपल्याच ताटाकडे लक्ष जाणें हें बरें असतें. योगायोगानें दुसऱ्या दिवशीं एकादशी होती आणि मुलीनें साबुदाण्याची खिचडी केली होती. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची, हीं चारीहि मूळचीं अमेरिका खंडांतील. ज्या दिवशीं आपण अन्नाच्या शुद्धतेचा सर्वांत अधिक विचार करतों, त्याच दिवशीं आपलें ताट सर्वांत अधिक परदेशी असतें! ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दहि पोर्तुगिजांकडूनच आले.

पाव म्हटल्यावर मात्र माझें हसूं मावळलें. लहानपणीं आमच्या घरीं रोज सकाळीं एक ख्रिस्ती पाववाला येई. त्याचा पाव आम्ही भावंडें भांडून खात असूं. तो स्वतः मात्र पायरीखालीं उभा राही. आणि आजीनें कधीं त्याला चहा दिलाच, तर तो दांडी तुटलेल्या एका वेगळ्या कपांतून. तो कप त्यानेंच विसळून कोनाड्यांत उपडा ठेवावयाचा. आम्हां मुलांना त्यांत कांहींच विशेष वाटत नसे. गाडीपाशीं उभ्या असलेल्या त्या गृहस्थांत आणि आमच्या घरांत अंतर तें काय राहिलें?

१८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक, रानडे प्रभृति मंडळींवर ग्रामण्य झालें आणि पुढें प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. त्या सनातन्यांची समजूत अन्यायाची होती. पण एका अर्थीं ती सुसंगत होती. कोणाचें अन्न घेणें म्हणजे त्याच्याशीं नातें जोडणें, हें ते जाणत होते. नातें नको, म्हणून अन्नहि नको. आम्हीं सोय पाहिली. अन्न घेतलें आणि नातें नाकारलें. सुधारणा म्हणावी तर ती जिभेची झाली, मनाची नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, शेंकडों वर्षांपूर्वींच्या अज्ञात शेतकऱ्यांचें ऋण आतां फेडावें कोणाला? आक्षेप योग्य आहे. पण आपल्याच परंपरेंत त्याचें उत्तर आहे. पितृऋण पितरांना परत देऊन फिटत नाहीं. तें पुढच्या पिढीचें पालनपोषण करून फेडावयाचें असतें. तसेंच हेंहि ऋण. ज्या परक्यांनीं दिलें ते गेले. दाराशीं आज जो परका उभा आहे, त्याच्याकरवींच तें फिटावयाचें. आपल्या देशांत कोणास व किती जणांस येऊं द्यावें, हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे व त्याविषयीं प्रामाणिक मतभेद असूं शकतो. पण जो आला आहे, ज्याच्या हातचें आपण खातों, त्याचा अवमान करण्याचा अधिकार कोणत्याहि मतानें मिळत नाहीं.

पुढच्या गुरुवारीं ते गृहस्थ पुन्हां भेटले. मीं त्यांना मासा आणि बटाटा यांची कुळकथा सांगितली, आणि साबुदाण्याचीहि. ते मोठ्यानें हसले व म्हणाले, “निदान वाटाणे तरी आमचे असूं द्या!” वाटाण्याचाहि इतिहास सांगण्याचा मोह मीं आवरला. गाडीवालाहि हसत होता. त्यांचें मत पालटलें असें मी म्हणत नाहीं. पण त्या दिवशीं ते पुडा घेऊन लगेच निघाले नाहींत, फळीपाशीं उभे राहून गाडीवाल्याशीं बोलत राहिले.

त्यांना सांगणें मला सोपें गेलें. आमच्या पाववाल्याला जें सांगावयास हवें होतें, तें मात्र तो हयात असतांना कधीं सुचलें नाहीं.