आज काय वार?

आज काय वार, असं कुणी विचारलं की आपला हात मोबाइलकडे जातो. मोबाइल नसेल तर मुलांचा डबा, ऑफिसची सुट्टी, पुण्यात असाल तर गुरुवारी बंद असलेलं पाणी, यांतलं काहीतरी आपल्याला वार सांगून जातं. वार-तारीख कुणीच डोक्यात साठवून ठेवत नाही. आजूबाजूच्या व्यवहारातून आपण ती रोज उसनी घेतो. फक्त घेतल्याचं आपल्याला जाणवत नाही आणि कुणी परत मागत नाही.

स्मृतिभ्रंशात ही उसनवारी फार लवकर बंद पडते. अल्झायमरच्या आजारात नवं टिपून ठेवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुरुवातीलाच पोखरला जातो. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातली पंगत सविस्तर आठवते आणि सकाळी पाहिलेली तारीख दहा मिनिटांत पुसली जाते. दुपारी झोपून उठलेल्या आजी पाच वाजताचा तिरपा उजेड पाहतात आणि पहाट झाली समजून दात घासायला जातात. त्यांचा तर्क चुकलेला नसतो. हाताशी पुरावाच अपुरा असतो.

डॉक्टर याच भानाची परीक्षा घेतात. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही वापरात असलेल्या एका चाचणीत 30 पैकी 10 गुण स्थळकाळाच्या भानाला आहेत. त्यांतले पाच वर्ष, ऋतू, महिना, तारीख आणि वार यांचे. दवाखान्यात ते ठीकच आहे. पण तीच परीक्षा घरात रोज चहाबरोबर घेतली जाते. "आई, सांग बरं, आज काय वार?" विचारणाऱ्याला काळजी असते, उत्तर देणारीच्या वाट्याला मात्र नापास होणं येतं. "का, तुला माहीत नाही?" असं आई हसून म्हणते, तेव्हा ती थट्टा करत नसते, निसटायला वाट शोधत असते.

अशा घरात भिंतीवर एक पाटी हवी: 'आज मंगळवार, सकाळ'. एवढंच. घरात कालनिर्णय आहे की, असं कुणी म्हणेल. 1973 पासून मराठी भिंतीवर असलेलं ते कॅलेंडर खरोखर गुणी आहे. तिथी, नक्षत्र, चतुर्थीचा चंद्रोदय, दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, सगळं त्यात मावतं. मात्र ते वाचायला एक गोष्ट आधीच ठाऊक असावी लागते, ती म्हणजे आज कोणत्या चौकोनात आहे. जिला तेच हवं आहे, तिच्यासमोर तीस-एकतीस चौकोन म्हणजे तेवढेच पर्याय. अशा वेळी पाटी जितकी कमी बोलेल तितकी उपयोगी. अक्षर मोठं, पूर्ण शब्द, 'मंगळ.' असा संक्षेप नको, काचेवर चमक नको, जागा पलंगावरून दिसेल अशी. आकड्यांतल्या वेळेपेक्षा 'दुपार' हा शब्द जास्त कामाचा. जुन्या टॅबवर हे सहज करता येतं. हाताने बदलायची पाटी असेल तर मात्र ती सकाळी न चुकता बदलायला हवी. कालचाच वार दाखवणारी पाटी नसलेली बरी.

काय लिहायचं नाही, हेही ठरवावं लागतं. 'उद्या डॉक्टरांकडे' असं लिहिलं की आई आजपासूनच साडी नेसून बसते. वर्ष लिहिलं तर कधी कधी नवाच धक्का: एवढं साल? मग आमचे हे कुठे आहेत? याउलट 'आज गुरुवार, उपवास' यातला उपवास वाराला जुन्या सवयीचा आधार देतो, कारण दत्ताचा गुरुवार त्या मनात तारखेपेक्षा खोल रुतलेला असतो.

पाटीची कल्पना नवी नाही. 1958 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, जेम्स फोल्सम यांनी रुग्णांना वार, तारीख, जागा यांची सतत आठवण देण्याची पद्धत सुरू केली. 'रिअॅलिटी ओरिएंटेशन' या नावाने ती पसरली आणि फळ्यावरचा वार-तारखेचा मजकूर तिची खूण झाला. पुढे अनेक ठिकाणी तिचा वर्ग झाला, वर्गात प्रश्न आले आणि चुकणाऱ्याला सुधारणं आलं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसोबत काम करणाऱ्या नेओमी फाइल यांनी यालाच हरकत घेतली. म्हातारं माणूस आईकडे जायचं म्हणत असेल, तर आई वारल्याची तारीख सांगण्यापेक्षा त्या ओढीला उत्तर द्या, असा त्यांचा आग्रह होता. मला दोन्ही बाजू पटतात, कारण भांडण पाटीशी नव्हतंच. पाटीकडे बोट दाखवून घेतलेल्या उलटतपासणीशी होतं.

पाटीला मर्यादा आहेतच. आजार वाढला की अक्षरं दिसतात पण अर्थ लागत नाही, तेव्हा ती उतरवावी. 2023 मधल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढचे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, आणि त्यांचा सांभाळ बहुतेक घरीच होतो. या घरांत पाटी स्मृती परत आणणार नाही. ती एवढंच करेल की सातव्यांदा वार विचारणाऱ्या आईला "आत्ताच सांगितलं ना" हे ऐकावं लागणार नाही. मुलगाही तिच्याबरोबर मान वर करून पाटी वाचेल, जसा तो एरवी मोबाइल वाचतो. विसरणं आजाराने आलेलं आहे. विचारावं लागण्याची लाज मात्र आपण घातलेली, म्हणून ती आपल्याला काढता येते.