‘गुड-बाय’ ह्या शब्दांतली प्रार्थना

निरोप घेतांना ‘गुड-बाय’ म्हणण्याची चाल खेड्यांतहि पोंचली आहे. हा शब्द मूळचा आशीर्वाद होय. ‘देव तुम्हांबरोबर असो’ ह्या अर्थाचें इंग्रजी वाक्य बोलतां बोलतां आखडत गेलें. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याचें जोडरूप लिहिलेलें आढळतें. पुढें ‘गुड-डे’सारख्या अभिवादनांच्या वळणावर जाऊन ‘गॉड’चें ‘गुड’ झालें. देवाचें नांव गेलें, शब्द तेवढा उरला! (इंग्रजांस हंसूं नये, आपल्या ‘आमेन’चेंहि पुष्कळदां असेंच होतें.)

बवाज शेतांत आला तेव्हां त्यानें कापणी करणाऱ्या मजुरांस हाच आशीर्वाद दिला (रूथ २:४). तो धनी होता, तरी आधीं तोच बोलला. आणि त्याच दिवशीं एका परदेशी विधवेस त्यानें आपल्या शेतांत आसरा दिला.

आपण निघतांना ‘येतों’ म्हणतों. शब्द गोड खरा. पण परत येणें कोणाच्या हातीं आहे? (याकोब ४:१५ पाहा.) मयताच्या घरून उठतांना तर लोक तोहि अशुभ मानून मुकाट्यानें निघून जातात. उपदेशक बंधूंनो, त्या दारांत तुम्ही मुके राहूं नका. तेथें हा आशीर्वाद देवाच्या नांवासकट पुरता उच्चारा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्या घरीं जा.