चेहऱ्यावर साचलेले सिनेमे

जुन्या हॉलिवूडच्या नटांवर एक आरोप हमखास होतो. ही मंडळी अभिनय करत नसत, दर सिनेमात स्वतःलाच घेऊन येत, असा. कॅरी ग्रँट कायम कॅरी ग्रँट, जॉन वेन कायम जॉन वेन. पात्राचं नाव बदललं, टोपी बदलली, आतला माणूस तोच. हे म्हणणाऱ्यांच्या हातातली फूटपट्टी मात्र त्या काळातली नाही. १९५१ मध्ये ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आला आणि मार्लन ब्रँडोनं पडद्यावरच्या अभिनयाची रीतच पालटली. नटानं भूमिकेत विरघळून जावं, ओळखूच येऊ नये, ही अपेक्षा त्यानंतर पक्की होत गेली. १९८० च्या ‘रेजिंग बुल’साठी रॉबर्ट डी निरोनं सुमारे २७ किलो वजन वाढवलं आणि ऑस्कर मिळवलं. कॅरी ग्रँटला एकाही भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं नाही. १९७० साली अकादमीनं त्याला मानाचं ऑस्कर देऊन ती बाब उरकून टाकली.

वाढवलेलं वजन मोजता येतं, तसं ग्रँटचं काम मोजता येत नाही. पण कॅरी ग्रँट नावाचा माणूस तरी मुळात कुठे होता? १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जन्मलेला आर्चिबाल्ड लीच हा गरीब घरातला मुलगा. तो लहान असतानाच त्याच्या आईला मनोरुग्णालयात ठेवलं गेलं, आणि ती जिवंत आहे हेही त्याला कित्येक वर्षं कळू दिलं नाही. कसरती करणाऱ्या एका मंडळीत तो शिरला, तिच्याबरोबर १९२० मध्ये अमेरिकेत आला. पुढचा रुबाब, ना धड इंग्रजी ना धड अमेरिकन वाटणारे ते उच्चार, सूटमध्ये वावरायची ती सहजता, सगळं त्यानं एकेक करून कमावलेलं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’मध्ये ऑलिव्हवरून पाय घसरून तो आपल्याच हॅटवर बसतो, तेव्हा त्या पडण्यामागे कसरतपटूचं अंग असतं. ‘स्वतःलाच घेऊन येतो’ म्हणायचं तर हा ‘स्वतः’ ही त्याची सर्वांत मोठी भूमिका होती, आणि तिला सुट्टी नव्हती.

पण माझा मुद्दा केवळ ग्रँटच्या वकिलीचा नाही. तोच चेहरा पुन्हा पुन्हा पाहण्यातून पडद्यावर एक वेगळीच गोष्ट घडत असे, आणि ती एकेकटा सिनेमा पाहून हाती लागत नाही. ‘नटोरियस’मध्ये हिचकॉकनं ग्रँटला पहिल्यांदा दाखवलंय ते पाठमोरं. एका पार्टीत अंधारात बसलेला माणूस, बराच वेळ फक्त डोकं आणि खांदे. १९४६ च्या प्रेक्षकाला तेवढ्यावरून कळतं की हा कोण. त्या पाठीवर ‘द ऑफुल ट्रुथ’, ‘हिज गर्ल फ्रायडे’ असे हसतेखेळते सिनेमे आधीच जमा आहेत. आणि मग हाच माणूस आपल्यावर जीव टाकणाऱ्या बाईला, म्हणजे इंग्रिड बर्गमनला, हेरगिरीसाठी दुसऱ्याच्या बिछान्याकडे ढकलतो. क्रूर नायक हिचकॉकला कुणीही मिळाला असता. त्याला आपल्या लाडक्या माणसाचा क्रूरपणा दाखवायचा होता.

संगीत रंगभूमी पाहिलेल्या पिढ्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. ‘एकच प्याला’तली सिंधू फाटक्या लुगड्यात समोर आली, तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे ‘स्वयंवर’मधली रुक्मिणीही होती. दोघीही बालगंधर्वच. त्या लुगड्याचं ठिगळ जास्त बोचत असेल ते त्यामुळेच.

जेम्स स्ट्युअर्टच्या बाबतीत हे साचणं वीस वर्षं चाललं आणि त्याचा माग काढणं हा सिनेमा पाहण्यातला एक मोठा आनंद आहे. एमजीएमनं त्याला १९३५ मध्ये करारावर घेतलं. उंच, हडकुळा, अडखळत बोलणारा, हातांचं काय करावं हे न कळणारा मुलगा. १९३९ मध्ये कोलंबियाच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’मध्ये फ्रँक काप्रानं त्याला सिनेटमध्ये उभं केलं आणि घसा बसेपर्यंत बोलायला लावलं. अमेरिकेला स्वतःविषयी जे जे चांगलं वाटत होतं, ते सगळं त्या घोगऱ्या आवाजात होतं. (पुढच्याच वर्षी ‘फिलाडेल्फिया स्टोरी’साठी त्याला ऑस्कर मिळालं; माझ्या मते ते स्मिथचं राहिलेलं देणं होतं.) मग युद्ध आलं. स्ट्युअर्टनं बॉम्बर विमानातून युरोपवर २० मोहिमा केल्या आणि परतल्यावर पुन्हा काप्राकडेच ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ केला. हा सिनेमा आज नाताळचा गोड सिनेमा म्हणून ओळखला जातो. पण त्यात जॉर्ज बेली घरी येऊन पोरांवर ओरडतो, सामान लाथाडतो, ते दृश्य पाहा. बायकोमुलं भेदरून बघत राहतात, आणि आपणही. मिस्टर स्मिथच्या अंगात हे होतं?

होतं, असं पुढच्या दहा वर्षांनी सांगितलं. १९५० च्या ‘विंचेस्टर ७३’पासून अँथनी मान या दिग्दर्शकानं त्याच्याबरोबर पाच वेस्टर्न केले. त्यांतल्या ‘द नेकेड स्पर’मध्ये तो इनामाच्या पैशासाठी माणसाची शिकार करतो आणि शेवटी प्रेत ओढत नेताना कोसळून रडतो. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’त पाय प्लास्टरमध्ये घालून शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावतो. आणि १९५८ मध्ये ‘व्हर्टिगो’. तिथे तो किम नोव्हाकला एका मेलेल्या बाईसारखी सजवत नेतो. आधी कपडे, मग बूट, मग केसांचा रंग, शेवटी अंबाडा. ती नको नको म्हणते. तो आवाज चढवत नाही, विनवतो, आणि विनवतो त्याच अडखळत्या, सच्च्या सुरात ज्या सुरात मिस्टर स्मिथ सिनेटला विनवत होता. माणूस वाईट झाला म्हणून अंगावर काटा येत नाही. ज्या गुणांवर आपण भाळलो होतो, त्याच गुणांनी तो एका बाईला मारत आणतोय, म्हणून येतो.

‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षक-कौलात २०१२ साली ‘व्हर्टिगो’ पहिला आला, ‘सिटिझन केन’ला खाली सारून. २०२२ मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. अशा याद्यांमुळे आज बहुतेकांची स्ट्युअर्टशी पहिली भेट ‘व्हर्टिगो’तच होते. त्यांना एक झपाटलेला मध्यमवयीन गृहस्थ दिसतो, आणि तेवढ्यावरही सिनेमा उत्तम आहे. चांगली कलाकृती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हे म्हणणं मला मान्य आहे. पण स्वतःच्या पायावर उभं असणं म्हणजे अधांतरी असणं नव्हे. मुंबईत धोबी तलावचं मेट्रो खुद्द एमजीएमनं बांधलं, १९३८ मध्ये. त्या काळी इंग्रजी सिनेमांची गोडी असलेल्या मुंबईकराला हे नट पाच-दहा वर्षांच्या अंतरानं, म्हातारे होत जाताना भेटले. यादी हातात घेऊन बसणाऱ्याला ते अंतर मिळत नाही. ते त्याला मुद्दाम तयार करावं लागतं: चार साधे सिनेमे आधी पाहायचे, मग थोर सिनेमा.

इतर दिग्दर्शकांनीही नटांच्या चेहऱ्यावरची ही जमा खर्च केली. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये विस्मृतीत गेलेली मूकपट-नायिका ग्लोरिया स्वान्सन करते, जी स्वतःच मूकपटांची राणी होती. तिचा बटलर होतो एरिक फॉन श्ट्रोहाइम. आणि घरच्या पडद्यावर ती आपला जो जुना सिनेमा बघते तो ‘क्वीन केली’, श्ट्रोहाइमनंच तिला घेऊन केलेला. सर्जिओ लिओनेनं १९६८ च्या आपल्या वेस्टर्नमध्ये तर कमाल केली. एक कुटुंब गोळ्या घालून संपवलं जातं, छोटा पोरगा दारात येतो, कॅमेरा मारेकऱ्यांच्या म्होरक्याला वळसा घालून समोर येतो, आणि तो हेन्री फोंडा असतो. तरुण लिंकन झालेला, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये एका पोराचा जीव वाचवणारा फोंडा. तपकिरी लेन्स लावून, मिशा वाढवून आपण सेटवर गेलो आणि लिओनेनं ते सगळं काढायला लावलं, असं फोंडा सांगत असे. लिओनेला ते ओळखीचे निळे डोळेच हवे होते.

ही जमा होत होती कारखान्यात, आणि कारखान्याचे नियम मालकाचे होते. सात वर्षांचा करार. नटानं भूमिका नाकारली की बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस पुन्हा कराराच्या शेपटाला जोडायचे. म्हणजे सात वर्षं कधी संपायचीच नाहीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड यावरून वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध कोर्टात गेली आणि १९४४ मध्ये जिंकली: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. मार्गारिता कान्सिनोची रिटा हेवर्थ करताना तिचे केस रंगवले, कपाळावरची केसांची रेषाही विजेच्या उपचारानं मागे सरकवली. ‘व्हर्टिगो’त स्ट्युअर्ट जे करतो ते स्टुडिओंचं रोजचं काम होतं, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय तोच तो चेहरा पुन्हा पुन्हा येणं सगळ्यांनाच फळलं नाही. हॅटी मॅकडॅनियलनंही आपली एक प्रतिमा घडवली होती: तोंडाळ, मायाळू, काळी मोलकरीण. ‘गॉन विथ द विंड’साठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेलं पहिलं. १९४० च्या त्या समारंभात तिला सहकाऱ्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. स्ट्युअर्टला त्याच्या साचलेल्या प्रतिमेनं वाकड्या वाटा मोकळ्या करून दिल्या. मॅकडॅनियलला पुढेही मोलकरणीच मिळत राहिल्या. तिची प्रतिमा मोडून पाहायला कुणी हिचकॉक आला नाही. ताऱ्यांचं कौतुक करताना हे विसरायचं नसतं, पण हे आठवलं म्हणून कौतुक थांबवायचं, हेही मला पटत नाही. ‘गॉन विथ द विंड’मध्ये जिन्यावरून वर जाताना मॅकडॅनियल घरातल्या दुःखाची हकिकत सांगते, तेवढ्या एका दृश्यासाठी मी तो लांबलचक सिनेमा पुन्हा पाहतो. बाकी त्याचं मला फारसं काही आवडत नाही.

मर्ल ओबेरॉनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ती मुंबईत जन्मली, १९११ मध्ये, अँग्लो-इंडियन घरात, आणि कलकत्त्यात वाढली. पडद्यासाठी तिची जन्मभूमी टास्मानिया ठरली. सावळ्या वर्णाची चार्लट, जिला ती आई म्हणत वाढली, लंडनमध्ये तिच्याबरोबर राहायची. पाहुण्यांना ती मोलकरीण म्हणून दाखवली जायची. ‘द डार्क एंजल’साठी मर्लला ऑस्करचं नामांकन मिळालं. तिच्या चेहऱ्यावरचे अपघाताचे व्रण पुसले जावेत म्हणून छायालेखक लुसियन बॅलार्डनं लेन्सजवळ बसवायचा एक दिवा केला, त्याला आजही तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणतात. सत्य जगजाहीर झालं ते १९८३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आलेल्या चरित्रातून. २०२३ मध्ये मिशेल योला नामांकन मिळालं, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीतली पहिली आशियाई बाई कोण, हा प्रश्न ओबेरॉनपाशी येऊन अडखळला.

इथे साचण्याची दिशाच उलटी होते. १९३९ च्या प्रेक्षकाकडे नसलेलं काहीतरी आपल्याकडे आहे. त्या वर्षीच्या विल्यम वायलरच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये ती कॅथी आहे. एमिली ब्राँटीच्या कादंबरीत हीथक्लिफच्या काळसरपणावरून लोक तर्क लढवतात. कुणाला तो जिप्सी वाटतो, कुणाला पूर्वेकडचा खलाशी, लास्कर. सिनेमात हा परका, सावळा मुलगा लॉरेन्स ऑलिव्हिए आहे, अस्सल इंग्रज. आणि प्रतिष्ठित घराच्या मोहापायी त्याला झिडकारणारी गोरी कुलीन मुलगी आहे मुंबईची, आपली माणसं आणि आपला रंग लपवून त्या घरात पोचलेली. विजा चमकत असताना कॅथी घर सांभाळणाऱ्या नेलीला सांगते की मी आणि हीथक्लिफ वेगळे नाहीतच. त्या काळच्या लोकांनी ते प्रेमाची कबुली म्हणून ऐकलं असणार. वायलरला त्यातलं दुसरं काही अभिप्रेत होतं, असं मी म्हणत नाही. ओबेरॉनला ते वाक्य बोलताना काय वाटलं, याची कुठे नोंद असल्याचं माझ्या वाचनात नाही. पण एकदा तिची हकिकत कळल्यावर त्या वाक्याला फक्त प्रेमाची कबुली म्हणून ऐकणं मला आता जमत नाही, आणि सिनेमाही त्यामुळे १९३९ मध्ये होता त्यापेक्षा चांगला झाला आहे.